नऊ वर्षांची मुलगी, उपाशीपोटी ११९: हा टाइप १ आहे का?

बार्शीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची. तापात केलेल्या रक्ततपासणीत साखर १२६ निघाली. नंतर उपाशीपोटी तीनदा तपासली तर ११७, १२२, ११९. एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा आकडा) ६.४. वजन उतरलेलं नाही, तहान नाही, रात्री लघवीला उठत नाही. तरी टाइप १ (शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं तो मधुमेह) म्हणून इन्सुलिन सुरू झालं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.३, आणि मधल्या काळात दोनदा शाळेत हातपाय थरथरले, साखर ५८ आणि ५५. टाइप १ मध्ये बहुधा सापडणारी जीएडी अँटीबॉडी निगेटिव्ह. आईला दोन्ही बाळंतपणांत 'शुगर' होती, मुलीच्या मामाला कुणीतरी कधीतरी 'बॉर्डरलाइन' सांगितलं होतं. मुलीचं जन्माचं वजन २.९ किलो, धाकट्या मुलाचं ३.८. त्या विचारतात: हा आनुवंशिक मधुमेह असू शकतो का, आणि इन्सुलिन सुटेल का?

ताई, आधी एक सांगतो. हे वाचून आज रात्रीचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. मात्र उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करून ५५ चा आकडा सांगा. 'लहान मुलांना होतं असं कधीकधी' यावर समाधान मानू नका. डोस कमी करायचा निर्णय त्यांनी घ्यायचा आहे, पण तो लवकर घ्यायला हवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटला तो ६.४ वरून ६.३. तीन महिने रोज सुया टोचल्या आणि सरासरी जागची हलली नाही. टाइप १ मध्ये असं होत नाही. तिथे उपचार मिळाला की आकडा धाडकन खाली येतो, आणि उपचार नाही मिळाला तर काही आठवड्यांत मूल खंगतं. शाळेतले ते दोन खालचे आकडे सोडले तर तुमच्या मुलीची साखर इन्सुलिनच्या आधी, इन्सुलिनसोबत, तापात आणि बरी असताना ११७ ते १२६ च्या पट्ट्यातच फिरते आहे. अशी हट्टी, एका जागी बसलेली साखर पाहिली की माझ्या डोक्यात एकच नाव येतं: जीसीके.

हे एका जनुकाचं नाव. त्यापासून ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम बनतं, आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर मोजतात ती याच्या जोरावर. किराणा दुकानातल्या काट्यासारखं समजा. या मुलांचा काटा मोडलेला नसतो, फक्त त्याचं शून्य थोडं वर सरकलेलं असतं. आपलं शरीर ८५-९० ला 'ठीक आहे' म्हणतं, यांचं ११५-१२० ला म्हणतं. त्याच्यावर साखर गेली की इन्सुलिन व्यवस्थित सुटतं, म्हणून जेवणानंतरही फार उसळी येत नाही. बाहेरून थोडं इन्सुलिन दिलं की शरीर आपलं तेवढं कमी करतं आणि पुन्हा ११९ वर येऊन बसतं. जास्त दिलं की मुलगी शाळेत थरथरते.

या प्रकारात उपाशीपोटी साखर साधारण १०० ते १४५ या दरम्यान असते, जन्मापासून. एचबीए१सी सहसा ५.६ ते ७.६, त्याच्यावर क्वचितच. ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलं तर बहुतेकांत वाढ ५५ च्या आत राहते. आणि उपचार? काहीही नाही. गोळी नाही, इन्सुलिन नाही, खाण्यावर वेगळी बंधनं नाहीत. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या अशा रुग्णांचा एक अभ्यास आला. ही माणसं सरासरी ४८ वर्षांहून अधिक काळ एवढी साखर अंगावर घेऊन जगली होती. डोळे, मूत्रपिंडं, हृदय यांचे गंभीर त्रास त्यांच्यात साधारण माणसांपेक्षा वेगळे दिसले नाहीत. त्यामुळे या मुलांना औषध देणं म्हणजे फक्त हायपोचा, म्हणजे साखर फार खाली जाण्याचा, धोका विकत घेणं.

जन्माच्या वजनांचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण मी ते वाचून खुर्चीत सरसावून बसलो. हा बिघाड आईत असेल आणि बाळात नसेल, तर आईच्या वाढलेल्या साखरेला बाळ भरपूर इन्सुलिन सोडतं आणि सुमारे अर्धा किलो जास्त भरतं. आई आणि बाळ दोघांतही असेल तर दोघांचा काटा एकसारखाच वर, म्हणून वजन नेहमीसारखं. म्हणजे मुलगी २.९ आणि मुलगा ३.८. मुलीने तुमच्याकडून उचललं आणि मुलाने नाही, असं हे वजन सुचवतं. वजनावरून निदान होत नाही. पण मुलाची उपाशीपोटी साखर ८५ निघाली तर मी पैज जिंकली समजेन.

अशा घरांत सर्वांत उपयोगी आणि स्वस्त तपासणी कोणती, तर आई-बाबांची उपाशीपोटी साखर. तीही ग्लुकोमीटरच्या पट्टीवर नको, प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन. पट्टीवर १०-१५ अंकांचा फरक सहज पडतो, आणि इथे सगळा खेळच १०-१५ अंकांचा आहे. मुलांच्या फाइलवर घरचा इतिहास म्हणून 'आजीला मधुमेह' एवढं लिहून पुढे जायची आपल्याकडे सवय आहे. युरोपात तीन पिढ्यांत मधुमेह दिसला की जनुकीय प्रकाराचा संशय पक्का होतो. आपल्याकडे कुणाच्या घरात तीन पिढ्या मधुमेह नाही? म्हणून नुसतं 'आहे-नाही' विचारून भागत नाही. कोणत्या वयात कळला, तेव्हा अंगाने कसे होते, इन्सुलिन किती वर्षांनी लागलं, की अजून अर्ध्या गोळीवर भागतंय, हे विचारावं लागतं. परदेशी संकेतस्थळांवर शक्यता मोजायचं एक गणनयंत्र मिळतं. ते गोऱ्या युरोपीय रुग्णांवरून बनवलेलं आहे, त्यातला टक्का पाहून हुरळून जाऊ नका आणि खचूही नका.

आता माझ्या तर्काच्या विरुद्ध बाजू. जीएडी निगेटिव्ह आली म्हणजे टाइप १ नाही, असं नाही. आयए-२ आणि झेडएनटी८ या दोन अँटीबॉडीही पाहायला हव्यात. टाइप १ ची अगदी सुरुवातीची पायरी असते, तीत लक्षणं नसतात आणि साखर अशीच थोडी वर असते. त्या मुलांत दोन-तीन अँटीबॉडी सापडतात आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत आकडे चढत जातात. त्यांचं इन्सुलिन सोडलं तर ती किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचून अत्यवस्थ होऊन, येतील. इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी मात्र आता तपासू नका. टोचायला लागल्यावर दोन आठवड्यांनी ती कुणातही दिसू शकते. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी) करा, पण त्यावर फार भार टाकू नका, कारण टाइप १ च्या पहिल्या एक-दोन वर्षांतही तो बऱ्यापैकी शिल्लक असतो. निदानाला तीन ते पाच वर्षं उलटल्यावर तो चांगला निघाला, तर त्याला खरी किंमत.

एचबीए१सी वाचतानाही जरा सांभाळून. अंगात लोह कमी असेल तर तो थोडा फुगतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या मुलांत तर तो बिनभरवशाचा.

तिन्ही अँटीबॉडी निगेटिव्ह आणि तुमची स्वतःची उपाशीपोटी साखर ११०-१३० च्या आसपास निघाली, तर जीसीके जनुकाची तपासणी करायला हरकत नाही. इथे थोडं लांबण लावतो, कारण पालकांचे पैसे याच टप्प्यावर वाया जातात. 'संपूर्ण मधुमेह पॅनेल' नावाखाली बरीच जनुकं एकदम वाचून मिळतात. संशय स्पष्ट असेल तर आधी तेवढं एकच जनुक वाचून घ्यावं. अहवालात तीन प्रकारची वाक्यं येतात: दोष सापडला, सापडला नाही, आणि 'बदल सापडला पण अर्थ अनिश्चित'. तिसऱ्या वाक्यावर उपचार बदलायचे नसतात. एका घरात त्याच वाक्याच्या जोरावर मुलाचं इन्सुलिन कुणी तरी थांबवलं होतं. तो मुलगा आमच्याकडे उलट्या करत, खोल श्वास घेत आला. त्याला साधा टाइप १ होता. अनिश्चित बदल सापडला तर घरातल्या बाकीच्यांचं रक्त तपासतात आणि पाहतात, साखर असणाऱ्यांत तो आहे आणि नसणाऱ्यांत नाही, असं जुळतं का. शिवाय काही दोष नेहमीच्या वाचनात दिसतच नाहीत. एचएनएफ१बी या जनुकाच्या मधुमेहात निम्म्या रुग्णांत अख्खं जनुकच गळालेलं असतं, त्याला वेगळी तपासणी लागते. ज्या मुलांच्या मूत्रपिंडात गाठी आहेत आणि मॅग्नेशियम कमी आहे, त्यांच्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवावं.

एका जनुकाच्या दोषाने होणाऱ्या अशा मधुमेहांना मिळून 'मोडी' म्हणतात. तरुणपणी येणारा पण प्रौढांसारखा वागणारा मधुमेह, अशा इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. एका आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोडी? ती तर आमच्या वडिलांना यायची." लिपी काय आणि आजार काय, वाचणारे कमीच.

मोडीतला दुसरा मोठा प्रकार एचएनएफ१ए, आणि तो तुमच्या मुलीला नसावा असं मला का वाटतं तेही सांगतो. तिथे सुरुवातीला उपाशीपोटी साखर जवळजवळ नॉर्मल असते आणि ग्लुकोज पाजल्यावर ९० हून जास्त उसळी येते. मूत्रपिंड साखर लवकर सोडतं, म्हणून रक्तात १४०-१५० असतानाही लघवीत साखर दिसते. एरवी ती १८० च्या पुढे दिसायला हवी. हा सहसा वयात येताना किंवा विशीत उघडा पडतो. तो वर्षागणिक वाढतो, डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना इजा करतो, म्हणजे इथे उपचार हवाच. गंमत अशी, की ही मुलं ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त सल्फोनिलयुरिया गोळीला विलक्षण प्रतिसाद देतात. इतका, की नेहमीच्या डोसने हायपो होतो, म्हणून पाव-अर्ध्या गोळीपासून चढायचं. वर्षानुवर्षं इन्सुलिनवर असलेली कॉलेजची पोरं नीट निदानानंतर गोळीवर आलेली मी पाहिली आहेत. याचाच भाऊबंद एचएनएफ४ए. त्यात बाळ जन्मतःच चांगलं गुबगुबीत असतं, पहिल्या दिवसांत साखर उतरते, आणि पंधरा-वीस वर्षांनी तीच वर जाते. नवजात विभागातल्या त्या जुन्या डिस्चार्ज कार्डावर कुणी पुन्हा नजर टाकत नाही, म्हणून हे सुटतं.

तुमचा प्रश्न मोठ्या मुलीचा आहे, पण हे वाचणाऱ्यांत एखाद्या तान्ह्या बाळाची आई असू शकते, आणि तिच्या बाबतीत घड्याळ फार जोरात चालतं. म्हणून ते इथेच लिहितो.

काही वर्षांपूर्वी सात आठवड्यांचं एक पोर आलं. जन्माचं वजन २.३ किलो. आईचं दूध ओढून ओढून पीत होतं आणि तरी वाळत होतं. लंगोट सारखा ओला. आजीने एक गोष्ट सांगितली जी आधीच्या दोन दवाखान्यांत कुणी विचारली नव्हती: वाळत घातलेल्या लंगोटांना मुंग्या लागतात. श्वास धापा टाकल्यासारखा, म्हणून न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक चालू होतं. आम्ही साखर पाहिली, ६०० च्या वर. लघवीत किटोन. तान्ह्यात एचबीए१सी करून उपयोग नसतो, कारण रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं.

पहिल्या सहा महिन्यांत सापडलेला मधुमेह जवळजवळ कधीच टाइप १ नसतो. हे वाक्य माझ्या हाताखालच्या मुलांना मी पाठच करायला लावतो. त्यातल्या बहुतेकांत एका जनुकाचा दोष सापडतो. जंतुसंसर्गातही तान्ह्यांची साखर तात्पुरती वाढते, ते आधी निस्तरावं. पण ती उतरत नसेल तर बाळ, आई आणि बाबा तिघांचं रक्त जनुकीय तपासणीला जायला हवं. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या केंद्रात अशा बाळांची तपासणी मोफत होते, आणि आपल्याकडे चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या प्रकारांवर बरंच काम झालेलं आहे. बाळ आता पंधरा वर्षांचं झालं असलं तरी नियम तोच. निदान पहिल्या सहा महिन्यांत झालं होतं ना, मग तपासा.

अहवाल येईपर्यंत इन्सुलिन. साडेतीन किलोच्या जिवाला इन्सुलिन देणं ही शिक्षाच. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर अर्धा युनिट म्हणजे दोन रेघांच्या मधली जागा. आईचा हात थरथरला की डोस दुप्पट. त्या बाईने आठवडाभर पाणी भरून सराव केला, मगच घरी सोडलं.

अहवालात केसीएनजे११ जनुकाचा दोष आला. बीटा पेशीच्या भिंतीत पोटॅशियमची एक झडप असते. साखर वाढली की ती मिटते आणि त्या धक्क्याने इन्सुलिन सुटतं. या बाळांत झडप मिटतच नाही, त्यामुळे पेशीत इन्सुलिन भरलेलं असून बाहेर पडत नाही. या जनुकाचा तान्ह्यांच्या मधुमेहाशी संबंध २००४ मध्ये सापडला, पाठोपाठ झडपेच्या दुसऱ्या भागाच्या जनुकाचा, एबीसीसी८ चा. आणि सल्फोनिलयुरिया गोळ्या १९५० च्या दशकापासून नेमकी हीच झडप मिटवत आल्या आहेत, फक्त मोठ्यांच्या मधुमेहात. २००६ मध्ये ४९ रुग्णांना इन्सुलिनवरून ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गोळीवर नेऊन पाहिलं, ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं. पुढे दहा वर्षांनी अशा ८१ रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हाही त्यातले ७५ नुसत्या गोळीवर होते.

आमच्या बाळाला दाखल करून घेतलं. ५ मिलिग्रॅमची गोळी कुटून ५ मिलिलिटर पाण्यात, दर वेळी हलवून, कारण ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि तिथून रोज चढत. म्हणजे सुरुवातीला जेमतेम ०.४ मिलिलिटर, बोंडल्यातून. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी साखर दुपारी १४०. पाचव्या दिवशी सकाळी मी राउंडला गेलो तर आजीने सिरिंजचा डबा पिशवीत भरून ठेवला होता. मी म्हटलं, अजून दोन दिवस थांबा. (हा प्रयोग घरी करायचा नाही. किलोमागे मोठे डोस लागतात आणि साखर अचानक कोसळू शकते.) या दोषाच्या तीव्र प्रकारात झटके येतात, वाढ मागे पडते. गोळी लवकर सुरू झाली तर त्यातही काही सुधारणा दिसते, म्हणून अहवालाची घाई.

सगळ्यांना हे भाग्य लाभत नाही. इन्सुलिनच्याच जनुकात दोष असेल तर इन्सुलिन आयुष्यभर. सहाव्या गुणसूत्रावरच्या ६क्यू२४ या जागेच्या दोषात बाळाची जीभ मोठी, बेंबी फुगलेली, वजन फार कमी. त्याची साखर काही महिन्यांत आपोआप जाते आणि निम्म्याहून जास्त मुलांत वयात येताना परत येते. हाही दोष नेहमीच्या पॅनेलमध्ये सापडत नाही.

आणि आपल्याकडचा अवघड विषय: मामेबहिणीशी लग्न. मी कुणाच्या सोयरिकीवर शेरा मारत नाही, पण इतिहास घेताना विचारतो, आणि तुम्हीही न विचारता सांगा. नात्यातल्या लग्नात आई-बाबा दोघांकडून तोच दोष येण्याची शक्यता वाढते. जीसीकेचंच घ्या: एक दोषी प्रत असली तर तुमच्या मुलीसारखी सौम्य साखर, दोन्ही प्रती दोषी असल्या तर जन्मापासून कायमचा मधुमेह. म्हणून तान्ह्याच्या आई आणि बाबा दोघांचीही उपाशीपोटी साखर १२० निघाली की मला अहवालाची वाट पाहावी लागत नाही. वोल्कॉट-रॅलिसन नावाच्या आजारात मधुमेहासोबत हाडं वाकतात आणि साध्या तापात यकृत अचानक निकामी होऊ शकतं. वुल्फ्राम सिंड्रोममध्ये मूल सहाएक वर्षांचं असताना टाइप १ चं लेबल लागतं. मग दहा-अकराव्या वर्षी फळा दिसेनासा होतो आणि पालक चष्मे बदलत बसतात. मधुमेही मुलाला चष्म्यानेही दिसत नसेल तर डोळ्याची नस तपासा. रॉजर्स सिंड्रोममध्ये मधुमेह, कमी ऐकू येणं आणि न हटणारा ॲनिमिया एकत्र येतात. त्यात थायामिनच्या, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने रक्त सुधारतं आणि लहानपणी काहींचं इन्सुलिनही घटतं किंवा सुटतं. विटामिनच्या गोळीने! हा आजार दुर्मीळ आहे, पण चुकवण्यासारखा नाही.

परत तुमच्याकडे, ताई. जीसीके पक्कं झालं तर तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली इन्सुलिन थांबवता येईल आणि थांबवल्यावर काही आठवडे साखर पाहिली जाईल. ती ११९ च्याच आसपास राहिली की झालं. मुलीला वर्षातून एकदा एचबीए१सी पुरे. डब्यात बाकीच्या मुलांसारखंच द्या, वाढदिवसाचा केक द्या. फाइलवर, शाळेच्या कार्डावर 'टाइप १' खोडून खरं नाव लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक नवा डॉक्टर आकडा पाहून दचकेल आणि पुन्हा इन्सुलिन काढेल. पुढे तिच्या बाळंतपणात हे नाव फार कामाला येईल. बाळाने दोष उचलला आहे की नाही, यावर तेव्हा साखर किती खाली आणायची ते ठरतं. प्रत्येक अपत्यात हा येण्याची शक्यता निम्मी असते. आणि एक: जीसीके असलेल्या माणसाला पन्नाशीत पोट सुटल्यावर साधा टाइप २ वेगळा होऊ शकतो, जसा कुणालाही होतो. तुमच्या भावाच्या बाबतीत हे तपासा, 'बॉर्डरलाइन'वर सोडू नका.

या आठवड्यात तुमची, मुलाची आणि भावाची उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या, मुलीच्या बाबांचीही. मुलीच्या उरलेल्या दोन अँटीबॉडी करा. तुमच्या बाळंतपणांचे जुने रिपोर्ट पिवळे पडून कपाटात असतील, तेही शोधा. गरोदर नसताना, दोन बाळंतपणांच्या मधल्या वर्षांत कधी तुमची साखर तपासली होती का? तो एक कागद सापडला तर मला आधी त्याचा आकडा कळवा.